खाडा पडल्यानंतरचा दिवस

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांत पाच वेळा व्यायाम सुरू केला, प्रत्येक वेळी तीन आठवड्यांच्या आत सुटला, आणि आता ‘माझ्यात जिद्दच नाही’ असं वाटायला लागलंय. ते शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. जिद्द नसलेला माणूस पाच वेळा सुरुवात करत नाही हो. अडतंय ते दुसरीकडे.

मी कोल्हापूरचा, वय 47, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. आमच्याकडे व्यायाम म्हटलं की डोळ्यांसमोर पैलवान उभा राहतो. पहाटे उठून शेकड्यांनी जोर-बैठका, मग लढत, मग थंडाई आणि दुधाचा खुराक. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान गावात, 1952 साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजचे. याचा मला अभिमान आहे. पण त्याच अभिमानातून लहानपणीच मनात एक माप बसलं: करायचा तर तसा, नाहीतर कशाला करायचा? तसा जमणार नव्हता, म्हणून वयाच्या 39 पर्यंत मी काहीच केलं नाही. मग शुगर काठावर आली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं.

रोज पहाटे साडेपाचला रंकाळा तलावावर एक तास, असं ठरवलं. सोळा दिवस नेमानं गेलो. सतराव्या दिवशी रात्रपाळी लागली. त्या आठवड्यात पाच खाडे पडले. मग म्हटलं, आता सोमवारपासून. सोमवार हुकला तेव्हा एक तारखेपासून. ती हुकल्यावर गुढीपाडवा.

त्याच सुमारास पुतण्याला घेऊन तालमीत गेलो होतो. पोरगा तापानं आठ-दहा दिवस गेला नव्हता, वस्ताद रागावतील म्हणून एकटा जायला तयार नव्हता. वस्तादांनी त्याच्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, “आलास? कापडं काढ, माती उकर जा.” कुठं होतास, किती दिवस बुडवलेस, एक शब्द नाही. पोरगा हौद्यात उतरून खोऱ्यानं माती उकरायला लागलासुद्धा. मी कट्ट्यावर बसून बघत राहिलो. माझ्या आणि रंकाळ्याच्या मध्ये आळस नव्हताच. मी बुडवलेल्या दिवसांचा हिशोब मांडून बसलो होतो, आणि तो फेडल्याशिवाय परत जायची लाज वाटत होती.

नंतर वाचनात आलं की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला होता. नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, हे त्यांना बघायचं होतं. मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, पण कुणाला 18 पुरतील तर कुणाला 254 लागतील, इतका फरक. म्हणजे 21 दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडे सांगतात, त्यावर स्वतःला नापास करू नका. त्यातली मला जास्त मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता.

आता तुमच्या बाकीच्या अडचणी.

वेळ ठरत नाही म्हणता. माझीही ठरत नाही, म्हणून मी व्यायाम घड्याळाला बांधायचा सोडून दिला आणि ड्युटीवरून घरी येण्याला बांधला. ड्युटी सकाळी सुटो नाहीतर रात्री, गाडी स्टँडला लावली की घरात पाऊल टाकायच्या आधी चालायला निघायचं. एकदा खुर्चीत टेकलो की उठणं होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुमच्या दिवसातही शिफ्ट बदलली तरी न बदलणारी अशी एखादी गोष्ट असेल. तिच्यामागे व्यायाम लावा.

मन होत नाही, या अडचणीवर माझा एकच नियम आहे. रंकाळा टॉवरपर्यंत जायचं आणि तिथं ठरवायचं. तिथंही नकोसं वाटलं तर परत फिरायचं, आणि तोही दिवस झाला असं धरायचं. परत फिरायची वेळ फार कमी आली. घरात बसून मनाला विचारलं तर ते नाहीच म्हणतं. पाय चालायला लागल्यावर त्याचं उत्तर बदलतं.

रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा हाणायचा आणि सोमवारी त्याची शिक्षा म्हणून धावायचं, हे मात्र करू नका. शिक्षा कुणालाच रोज नको असते. जेवण जेवणाच्या जागी राहू दे.

लोक बघतात, याचं फार मनावर घेऊ नका. माझी बायको नऊवार नेसणाऱ्या शेजारच्या काकूंना घेऊन रोज चालते, दोघींच्या पायांत स्पोर्ट शूज. पहिले चार दिवस गल्लीनं बघितलं.

किती करायचं, तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. सलग तासभरच हवा असं नाही. 2020 च्या सूचनांत तर निदान दहा मिनिटं सलग असावीत ही अटही काढून टाकली आहे. आणि दीडशेला पोचायच्या आधीचं थोडंही कामी येतं. जिना दोनदा चढलात तर तेही धरा. छातीत दुखणं, धाप लागणं असं काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

2021 च्या जुलैत पूर आला. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, कामावर जाणं बंद, चालणंही बंद. घरात नुसतं बसून होतो, जिन्यावरसुद्धा चढलो नाही. पाणी ओसरल्यावर पहिल्या ड्युटीवरून आलो, गाडी स्टँडला लावली आणि निघालो. पाय जड होते. टॉवरपर्यंत गेलो, थोडा वेळ कट्ट्यावर बसलो आणि परत आलो. किती दिवसांचा खाडा पडला होता, ते मोजलं नाही.