शेव्हर्ले एस-10 पिकअप एअर बॅगवर (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर) घेतली. हवा सोडली की मागचा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो आणि हायवेला गाडी थरथरते. काय करावं?

हे दोन वेगळे आजार आहेत. अ‍ॅक्सल सरकतो तो पॅनहार्ड बारमुळे, म्हणजे चॅसी आणि अ‍ॅक्सल जोडणाऱ्या आडव्या दांड्यामुळे. बारचं टोक वर्तुळात फिरतं. 30 इंची बार आडवा असताना अ‍ॅक्सल 6 इंच वर गेला, तर तो साधारण 0.6 इंच बाजूलाही जातो. म्हणून बार बसेल तितका लांब घ्या आणि गाडी चालवायच्या उंचीला तो आडवा ठेवा. आडवं सरकणं मुळातच नको असेल तर ट्रँग्युलेटेड फोर-लिंक (अ‍ॅक्सल धरणारे चार दांडे, त्यातले दोन तिरके) लावा. मग पॅनहार्ड लागत नाही.

थरथरीसाठी आधी पिनियनचा (मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ड्राइव्हशाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरचा) कोन मोजा, तोही चालवायच्या उंचीला. गाडी जमिनीला टेकवून मोजलेला कोन काय कामाचा? एकसंध ड्राइव्हशाफ्ट असेल तर गिअरबॉक्सचा आउटपुट आणि पिनियन समांतर हवेत, दोन्ही यू-जॉइंटचे (ड्राइव्हशाफ्टच्या टोकांच्या सांध्यांचे) कोन 1 ते 3 अंशांत. लिंकची (अ‍ॅक्सल धरणाऱ्या दांड्यांची) लांबी कमीजास्त करून ते जुळवा. दांड्यांच्या टोकांची बुशिंग ढिली असतील तर आधी ती बदला, नाहीतर मोजलेलं सगळं वाया.