गाडी गरम झाली की बंद पडते आणि थंड झाल्यावर चालू होते, क्रँक सेन्सर गेलाय का हे कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की पेट्रोल गाडी आहे, तासभर चालवली की बंद पडते, थोडा वेळ उभी केली की काही झालंच नाही अशी चालू होते आणि मेकॅनिक म्हणतोय पेट्रोल पंप बदला. पंपावर पैसे घालू नका अजून. क्रँक सेन्सर म्हणजे इंजिनचा क्रँकशाफ्ट फिरतोय का ते सांगणारा सेन्सर, त्याच्याकडून सिग्नल आला नाही तर ईसीयूला (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो प्लगला करंट देत नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि बऱ्याच गाड्यांत चावी फिरवल्यावर पंप दोनेक सेकंद चालवून परत बंद करून टाकतो. मेकॅनिकला दिसतं की पंप चालत नाहीये, झालं, पंपाच्या नावाने बिल.

आता खरी गंमत अशी की हे तपासायचं तर गाडी बंद पडलेली असतानाच, थंड झाल्यावर सगळं ठणठणीत दिसणार. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूचा डेटा आणि फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) घ्या, लाइव्ह डेटामध्ये आरपीएम लावा आणि सेल्फ मारा. दीडशे-दोनशे दाखवतंय तर सेन्सर बहुतेक बरा आहे, दुसरीकडे बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यच, तर संशय पक्का, पण अजून सेन्सरवर नाही, सर्किटवर. स्कॅनरवर पी०३३५ (क्रँक सेन्सर सर्किटचा फॉल्ट कोड) आला तरी त्याचा अर्थ तेवढाच, वायर तुटली तरी तोच कोड येतो. त्यामुळे आधी सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढून पिना बघा, तेल गेलंय का, हिरव्या पडल्यात का, वायर सायलेन्सरच्या पाइपाला लागून वितळलीय का.

मग मल्टीमीटर. दोन वायरचा सेन्सर असेल तर आत नुसती कॉइल असते, साधारण ५०० ते १५०० ओहम, पण तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. सेन्सर गाडीतून काढून हेअर ड्रायरने गरम करा, मीटर लावलेलाच ठेवा. आकडा हळूहळू वाढणं नॉर्मल आहे, तांब्याची तारच ती, पण मध्येच एकदम ओपन (म्हणजे आतली तार तुटल्यासारखं) दाखवलं तर चोर सापडला. तीन वायरचा असेल तर तो बहुतेक हॉल सेन्सर, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला, त्याला ओहमवर अजिबात लावू नका, काही कळणार नाही. तिथे सप्लाय (५ किंवा १२ व्होल्ट) आणि अर्थिंग येतंय का बघा, इंजिन हाताने हळू फिरवलं की सिग्नल वायरवर व्होल्टेज खालीवर व्हायला पाहिजे.

आणि सेन्सर बाहेर काढलाच आहे तर त्याचं टोक पुसा, चुंबकाला लोखंडाचा बारीक चुरा चिकटून बसतो, कधीकधी तेवढ्यानेच काम होतं. बदलायचाच झाला तर लोकल माल घेऊ नका, आणि काही गाड्यांत नवीन बसवल्यावर स्कॅनरने लर्निंग (ईसीयूला नव्या सेन्सरची ओळख करून देणं) करावं लागतं, ते मेकॅनिककडून करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.