गणित-विज्ञानाची शिक्षिका व्हायचंय? आधी शिष्यवृत्तीचं बघ

पोरी, भिवापूर-कुहीकडच्या शाळेत गणित शिकवायचं म्हणतेस, फार बरं वाटलं. बीजगणित नीट उलगडून सांगणारं माणूस भेटलं की खेड्यातली मुलं दहावीनंतर विज्ञानाला घाबरत नाहीत, हे मी वर्गात पाहिलंय.

आता पैशाचं. बारावीला बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात असशील तर केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचा अर्ज सगळ्यात आधी भर. मूलभूत विज्ञानाच्या बी.एस्सी.ला, गणितालासुद्धा, वर्षाला ८०,००० रुपये; त्यातले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. इंजिनिअरिंगला ती मिळत नाही. नातेवाईक तिकडे ढकलू लागले की हे ठणकावून सांग.

तेवढे गुण नसले तरी महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्त्यांचं ऑनलाइन पोर्टल, आहेच. प्रवर्गाप्रमाणे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तिथूनच, पुढे बी.एड.लाही. उत्पन्नाचा दाखला जूनची गर्दी व्हायच्या आत सेतूतून काढ. आणि खातं आधारला जोडलंय का, ते बँकेत स्वतः जाऊन विचार. मंजूर झालेले पैसे इथेच अडकतात.

घरचे पाठवत असतील तर भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेतला चार वर्षांचा एकत्रित बी.एस्सी.-बी.एड. जरूर बघ. वेगवेगळं केलं तर पाच वर्षं लागतात, म्हणजे एक वर्षाचा खर्चच वाचला. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास मात्र शेवटच्या वर्षावर ढकलू नकोस.