ओठावर पहिल्यांदाच फोड आलाय? आधी एवढं सांभाळा

घाबरू नका, असा फोड हर्पीस नावाच्या विषाणूमुळे येतो आणि हा विषाणू खूप जणांच्या अंगात असतो. ओठ चुरचुरायला लागला की तेव्हापासूनच तो दुसऱ्याला लागू शकतो. फोड फुटून पाणी येतं तेव्हा सगळ्यात जास्त. नवखे लोक खपली धरली की निर्धास्त होतात, ते चूक. खपली पडून कातडी नीट भरेपर्यंत, साधारण ७ ते १० दिवस, जपा:

- कुणाचा पापा नको. तान्ह्या बाळाचा तर अजिबात नको, त्याच्या जिवावर बेतू शकतं.
- लिप बाम, टॉवेल, उष्टा पेला वेगळा.
- फोडाला हात लागला की लगेच साबणाने धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर नजरेला धोका.

औषध चुरचुर सुरू होताच घेतलं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून डॉक्टरांना आजच विचारा.