वाचकांचे प्रश्न : जुनं स्क्रोल सॉ, तुटणारी पाती आणि नावाच्या पाट्या

घोडबंदर रोडच्या एका गृहस्थांकडे 16 इंची स्क्रोल सॉ (बारीक पातं वरखाली होऊन लाकडात नक्षी कापणारं मशीन) 9 हजारांना मिळतंय. 'पिनची पाती लागतात, मोटर उत्तम आहे,' असं ते म्हणतात. मला देव्हाऱ्यासाठी बारीक जाळी कापायची आहे. घ्यावं का? (वाचक, माजिवडा, ठाणे)

मोटरचं कौतुक बाजूला ठेवा. जुन्या मशीनची खरी परीक्षा पातं धरण्याच्या जागी आणि मशीनच्या हातांच्या, म्हणजे पातं पेलणाऱ्या वरच्या-खालच्या दांड्यांच्या, सांध्यात होते.

जाळी करायची तर पिनचं पातं तुमच्या कामाचं नाही. त्याच्या टोकाची आडवी पिन आत शिरायला 5 ते 6 मिमीचं भोक पाडावं लागतं, आणि जाळीतली फुलं कित्येकदा त्याहून लहान असतात. साधं, बिनपिनचं पातं दीड मिमीच्या भोकातून ओवता येतं. त्यामुळे मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा : साधी पाती पकडणारे क्लॅम्प सोबत आहेत का? नसतील आणि त्या मॉडेलला बसणारे वेगळेही मिळत नसतील, तर किमतीची घासाघीस करण्यात अर्थ नाही. पातं मात्र दोन्ही प्रकारात 5 इंचीच असतं, म्हणून साधी पाती कुठल्याही कंपनीची चालतात.

क्लॅम्प असतील तर बघायला जा. जाताना खिशात छोटा गुण्या (काटकोन तपासायचं साधन), सागवानाचा 18 मिमी जाडीचा तुकडा आणि 5 नंबरची दोन नवी पाती ठेवा.

प्लग काढून वरचा हात पुढच्या टोकाला धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. खटखट जाणवली तर सांध्यातल्या बुश किंवा बेअरिंग झिजलेत. बऱ्याच मशीनना दर 50 तासांनी या सांध्यांना तेल द्यावं लागतं. मशीन आडवं करून आसाच्या टोकाशी तेल सोडायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. हे फार थोडे लोक करतात. किंचित ढिलाई असेल आणि त्या मॉडेलचे बुश मिळत असतील तर हरकत नाही. पण हात आसावर उघड डुलत असेल तर निघून या.

मग नवं पातं दात खाली करून लावा, ताण द्या आणि बोटाने छेडा. तारेसारखा टणक आवाज यायला हवा. गुण्या पात्याशेजारी उभा करा आणि मशीन हाताने फिरवून पातं वरखाली न्या. समोरून बघताना ते बाजूला सरकता कामा नये. पुढेमागे थोडं होतं, ती बनावटच तशी असते.

आता चालू करा. सर्वांत कमी वेगापासून वरपर्यंत सावकाश चढवा. वेग मध्येच उडी मारत असेल तर नियंत्रणाचं सर्किट संपत आलंय, आणि जुन्या मॉडेलचं सर्किट शोधणं हा स्वतंत्र छंद होऊन बसतो. कार्बन ब्रश झिजले असतील तर तो किरकोळ खर्च आहे, त्यासाठी सौदा मोडू नका.

शेवटी सागवानाच्या तुकड्यात एखादा मिमी काप घ्या, तुकडा न उलटता फिरवून पात्याच्या मागे न्या आणि तोच काप पात्याच्या पाठीला लावा. पाठ सहज आत बसली तर टेबल काटकोनात आहे. बसली नाही तर टेबल नीट करून पुन्हा बघा. ते स्क्रूने जुळतच नसेल तर कापलेली फुलं एका बाजूने भोकात बसतील, दुसऱ्या बाजूने अडकतील. जाहिरातीतल्या फोटोत चकचकीत टेबल दिसतं, पण हे दिसत नाही.

नात्यातले एक जण अमेरिकेहून मशीन आणताहेत. ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना? (वाचक, वाशी)

निम्मंच झालं. ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे 120 करतो, पण 60 हर्ट्झचे 50 होतात त्याचं काही करत नाही. साधी इंडक्शन मोटर असेल तर ती सहाव्या हिश्श्याने हळू फिरेल आणि जास्त तापेल. ब्रशची, वेग बदलता येणारी मोटर असेल तर सहसा फरक पडत नाही. आणायच्या आधी मोटरवरच्या माहितीच्या पट्टीचा फोटो मागवा. ट्रान्सफॉर्मर पट्टीवरच्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्या.

पाती फटाफट तुटतात, आणि रेषेवर कापायला गेलं की काप उजवीकडे पळतो. माझा हातच वाईट आहे का? (वाचक, ऐरोली)

हात ठीक आहे. बहुतेक पात्यांच्या एका बाजूला कारखान्यातच बारीक कड राहते. ती बाजू जास्त कापते म्हणून पातं तिकडे ओढ घेतं. लाकूड नाकासमोर सरळ ढकलू नका, दोन-चार अंश तिरपं धरा. प्रत्येक पात्याचा कल थोडा वेगळा असतो, तो टाकाऊ तुकड्यावर पाहून घ्या.

तुटण्याचं कारण बहुधा ढिला ताण आणि बाजूने पडणारा जोर. वळणावर लाकूड फिरवायचं असतं, पात्याला ढकलायचं नसतं. पातं वरच्या क्लॅम्पमधून सारखं निसटत असेल तर त्याच्या टोकाला तेल आहे. पाती गंजू नयेत म्हणून तेल लावून येतात. टोकं स्पिरिटने पुसा आणि पॉलिश पेपरवर एकदा घासा. लाकडाची कापलेली कड काळी पडत असेल तर पातं बोथट झालंय. काटकसर करू नका, बदला. नक्षीच्या कागदावर पारदर्शक चिकटपट्टी लावली की जळणं पुष्कळ कमी होतं.

दारावरची मराठी नावाची पाटी कापायची आहे. कुठलं प्लाय घ्यावं? (वाचक, नेरुळ)

दार पावसाच्या माऱ्यात असेल तर साधं एमआर (फक्त दमटपणा सोसणारं) प्लाय नको, थर सुटतात. आयएस 710 चा शिक्का असलेलं, म्हणजे मरीन प्लाय, 6 मिमी घ्या. त्यातला गोंद कठीण असतो, त्यामुळे पाती लवकर बोथट होतील, हे धरून चाला.

देवनागरीत शिरोरेषा सगळी अक्षरं एकत्र धरते, म्हणून नाव अखंड कापता येतं. रोमन अक्षरं सुटी सुटी चिकटवावी लागतात. सुटतात ते अनुस्वार. नक्षी काढतानाच ते जरा खाली ओढून शिरोरेषेला टेकवा, नाहीतर नंतर गोल दांडीच्या चकत्या कापून चिकटवा. 'व', 'ब', 'क' यांच्या पोटातली भोकं आधी कापा, बाहेरची कड सर्वांत शेवटी. उलट केलंत तर हातात धरायला लाकूडच उरत नाही.

फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार येते. (वाचक, कळवा)

आवाजापेक्षा हादरा खाली जातो. मशीन जाड रबरी चटईवर जड बाकाला बोल्टने आवळा, आणि बाक भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. रविवारी दुपारी मात्र चटईही वाचवणार नाही.