ट्रेनिंग अर्ध्या दिवसाचं आणि बोर्डावर नाव माझं

ताई, नमस्कार. मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात क्लार्क आहे, फॉर्मच्या खिडकीवर बसतो. मागच्या टर्मला स्टाफसाठी मानसिक आरोग्याचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालं. आमच्याकडून कुणी जायला तयार नव्हतं म्हणून मी गेलो. सर्टिफिकेट मिळालं आणि दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर 'मदतीसाठी संपर्क' म्हणून माझं नाव लागलं. परवा एक मुलगी आली, तिचा फॉर्म दुसऱ्यांदा परत आला होता. काय दुरुस्त करायचं ते सांगत होतो तर म्हणाली, "राहू द्या सर, आता त्याचा काही उपयोग नाही." अगदी शांतपणे. मी म्हटलं, "असं निगेटिव्ह बोलू नये, होईल सगळं नीट." ती जरा हसली आणि गेली. मागे लाइन होती. तेव्हापासून मला झोप नाही. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, ट्रेनिंग तुम्ही घेतलंय ना, मग तुम्हीच बघा. माझं चुकलं का? बोर्डावरून नाव काढायला सांगू का?

दादा, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला मेल केला होता की आधी त्या मुलीला गाठा, बाकी सगळं नंतर. इथे तेच सविस्तर लिहिते, कारण अशा खिडकीवर बसणारी, लॅबमध्ये असणारी, लायब्ररीच्या काउंटरवर असणारी खूप माणसं आहेत आणि त्यांना कुणी हे नीट सांगत नाही.

तिला गाठायचं कसं, तर तुमच्याकडे सरळसाधं कारण आहे, तिचा फॉर्म. फोन करायचा आणि म्हणायचं, "फॉर्मचं काम राहिलंय, ये एकदा, मी बसून करून देतो." आली की खिडकीवर उभं ठेवायचं नाही, आत बोलवायचं, खुर्ची द्यायची, दार थोडं उघडं असू दे पण लाइनीतल्या लोकांना ऐकू जाणार नाही एवढं बघा. आधी खरंच फॉर्म हातात घ्या, दोन मिनिटं त्याचंच बोला. मग म्हणा, "त्या दिवशी तू म्हणालीस उपयोग नाही, ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. काय झालंय?" आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं, आपल्याला लगेच काहीतरी बोलून ती शांतता भरून टाकायची घाई होते, पण तिला शब्द जुळवायला वेळ लागणार आहे, तो द्या.

त्यानंतरचा प्रश्न विचारायला तुम्ही घाबराल हे मला माहीत आहे. तो स्पष्टच विचारायचा. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" आपण काय करतो, "तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?" असं विचारतो, आणि त्या 'ना' मध्येच समोरच्याला कळतं की याला 'नाही' ऐकायचंय, मग तो बिचारा नाही म्हणून मोकळा होतो. असं विचारलं तर आपणच तो विचार डोक्यात घालू ही भीती जवळजवळ सगळ्यांना असते, अगदी शिकल्यासवरल्या प्राध्यापकांनाही. २००५ साली अमेरिकेत शाळेतल्या २ हजारांहून जास्त मुलांवर हे तपासून पाहिलं होतं, अर्ध्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न विचारले, बाकीच्यांना विचारले नाहीत. विचारलेल्या मुलांचा त्रास वाढला नाही, विचारही वाढले नाहीत, उलट जी आधीच डिप्रेशनमध्ये होती त्यांना विचारल्यावर थोडं हलकंच वाटलेलं दिसलं. तेव्हा विचारा.

ती 'हो' म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही. "उद्या काउन्सेलरकडे जा हं" म्हणून चिठ्ठी देणं पुरत नाही, तिच्यासोबत चालत जायचं, काउन्सेलर नसेल तर तिथूनच हेल्पलाइनला फोन लावायचा, आणि धोका आत्ताच आहे असं वाटलं तर सरळ हॉस्पिटल किंवा इमर्जन्सी नंबर. तिच्या विश्वासातलं कोण आहे हे तिलाच विचारून त्यांना बोलवा. "कुणाला सांगू नका सर" असं म्हणाली तर शब्द देऊ नका. म्हणा, "जे सांगशील ते ऑफिसात चघळलं जाणार नाही, पण तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर मी एकटा ते धरून ठेवणार नाही, कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." हे आधीच बोललेलं बरं, नंतर विश्वास तुटत नाही. आणि 'नाही' म्हणाली, नुसतं परीक्षेचं, पैशांचं, घरचं टेन्शन निघालं, तरी फुकट काही गेलं नाही, कुणीतरी नीट विचारलं हे तिच्या लक्षात राहील. फोन उचललाच नाही, तर त्याच दिवशी काउन्सेलरला आणि तिच्या डिपार्टमेंटला कळवा, ती वर्गात दिसते का बघायला सांगा. वाट बघत बसू नका.

आता तुमचं चुकलं का. "निगेटिव्ह बोलू नये" हे वाक्य उपयोगाचं नाही, ते परत वापरू नका, त्याने समोरच्याला वाटतं की इथे हे बोलायची सोय नाही. पण दादा, त्या लाइनीतल्या गडबडीत तिचं ते वाक्य तुम्हाला टोचलं, घरी घेऊन गेलात, साहेबांपर्यंत गेलात. ट्रेनिंगमधून माणसाने सगळ्यात आधी शिकायचं ते हेच, लक्ष जाणं. ते तुम्हाला जमलेलं आहे. पुढचं वाक्य सुचलं नाही, कारण अर्ध्या दिवसात स्लाइड्स दाखवून ते कुणालाच सुचणार नाही, ते तोंडाने बोलून, समोर माणूस बसवून सराव केल्याशिवाय येत नाही.

ही कल्पना मुळात आली कुठून ते सांगते, म्हणजे तुमच्याकडून काय अपेक्षित आहे ते कळेल. २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि टोनी जॉर्म या नवराबायकोने मानसिक प्रथमोपचाराचा कोर्स सुरू केला. ती नर्स, स्वतः डिप्रेशनमधून गेलेली, आणि तो संशोधक. त्यांचा विचार असा की रक्त वाहत असेल तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं हे आपण सामान्य माणसांना शिकवतो, मग मन कोलमडलं तर का नाही? पण प्रथमोपचार देणारा ऑपरेशन करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये संकटातल्या माणसांना आधार देण्यासाठी मार्गदर्शिका काढली, त्यातही तीनच गोष्टी आहेत, बघा, ऐका, जोडून द्या. बरं करा असं कुठेच नाही. तुमचं काम त्या तिसऱ्या शब्दाशी संपतं, आणि ते संपू द्यायचं. रात्री दीडला मेसेज आला तर तुम्ही तासभर थेरपी द्यायची नाही, हेल्पलाइनचा नंबर द्यायचा, सकाळी भेटू म्हणायचं आणि खरंच भेटायचं, आणि जीव धोक्यात वाटला तर अर्थातच सकाळची वाट न बघता तिथेच कुणालातरी उठवायचं.

आणि इथे मला तुमच्या साहेबांबद्दल बोलायचंय, रागानेच बोलतेय. "ट्रेनिंग तुम्ही घेतलंय ना" हे वाक्य म्हणजे जबाबदारी ढकलणं आहे. अमेरिकेतल्या ३२ कॉलेजांमध्ये होस्टेल सांभाळणाऱ्या सीनियर विद्यार्थ्यांना असंच ट्रेनिंग देऊन पाहिलं, २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ट्रेनिंग घेतलेल्यांना आपल्याला जास्त कळतं, आपण मदत करू शकतो असं वाटायला लागलं, हे छानच, पण त्या होस्टेलमधली मुलं उपचाराकडे जास्त वळली का, तर तसं काही दिसलं नाही. नुसती माणसं ट्रेन करून भागत नाही. तुम्ही 'जोडून द्या' शिकलात, पण जोडायचं कुणाशी? काउन्सेलरची अपॉइंटमेंट महिन्याभराने मिळणार असेल तर तुमचं सर्टिफिकेट काय करणार? मानसिक आजारांपैकी साधारण तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, म्हणजे नेमकी ही मुलं जेव्हा तुमच्या खिडकीसमोर उभी असतात ते वय. विद्यापीठाने हे गृहीत धरूनच व्यवस्था उभी करायला हवी.

म्हणून नाव काढू नका, पण आहे तसं राहूही देऊ नका. वरच्या ऑफिसला लेखी द्या, तोंडी नको, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. लिहा की माझ्या नावासोबत काउन्सेलरचं नाव, फोन, वेळ आणि ऑफिस बंद असताना कुठे फोन करायचा हेही लावा. आमच्या विभागातून अजून एक माणूस ट्रेन करा, मी रजेवर असलो तर काय? आत्ताच धोका असेल तर कुणाला कळवायचं ते एका कागदावर लिहून प्रत्येक टेबलावर द्या. पुढचं ट्रेनिंग सरावाचं असू दे, आणि काही महिन्यांनी परत असू दे, कारण एकदा शिकलेलं उतरून जातं. साहेबांनाही पाठवा, हे मी अगदी मनापासून म्हणतेय, ट्रेनिंग खालच्या माणसांना आणि निर्णय वरच्यांचे असं असलं की मधला माणूस चिरडला जातो. विद्यार्थ्यांचंही ट्रेनिंग व्हायला हवं, कारण मूल पहिल्यांदा सांगतं ते बहुतेक मित्राला, आणि तो मित्र "कुणाला सांगणार नाही" अशी शपथ घेऊन बसतो.

अजून एक तुमच्या कामाचंच. तिचा फॉर्म दोनदा का परत आला? एवढ्या तेवढ्या चुकीसाठी असेल तर तिला परत न पाठवता तिथल्या तिथे दुरुस्त करायची सोय करता येते का बघा, ते तुमच्या हातात आहे. मुलं खचतात तेव्हा अशा फेऱ्यांचाही त्यात वाटा असतो.

आणि झोप. ज्या काउन्सेलरकडे तिला न्यायचंय त्यांच्याकडे तुम्हीही जाऊन बसा, स्टाफला जाता येतं का विचारा, नसेल तर बाहेर कुणाकडे जा. ऐकलेलं कुणाजवळ तरी उतरवावं लागतं, तिचं नाव न सांगताही ते करता येतं. दोन आठवडे होऊनही झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका. तिच्याशी बोलणं झालं की मला दोन ओळी टाका, मी वाट बघतेय.

तुमची ताई