जुनं अमेरिकन पुस्तक नेटवर टाकू का?

प्रश्न: न्यू जर्सीत लायब्ररीच्या सेलमध्ये १८८८ सालचं शाळेचं पुस्तक मिळालं, मुलांना अमेरिकेची राज्यघटना समजावणारं. कोपरे हात लावला की तुटतात. स्कॅन करून सगळ्यांसाठी टाकलं तर चालेल का?

उत्तर: चालेल काय, टाकाच! तिथे पुस्तक प्रकाशित होऊन ९५ वर्षं उलटली की कॉपीराइट संपतो, तुमचं तर कधीच मोकळं झालंय. त्या काळी लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्यातलं आम्लच पानं खातं, म्हणून कोपरे तुटतात. सेलोटेप अजिबात लावू नका, त्याचा गोंद पुढे डाग पाडतो, आणि बेसमेंटमध्ये तर नकोच, ॲसिड-फ्री बॉक्समध्ये घालून कोरड्या कपाटात ठेवा. स्कॅनरवर दाबलंत तर बांधणी मोडेल. अर्धवट उघडून वरून फोटो काढा, समासातल्या पेन्सिलीच्या खुणासुद्धा घ्या, कुठल्या पोराने काय अधोरेखित केलं हाही इतिहासच आहे. जोतीराव फुल्यांनी इथे पुण्यात बसून माणसाच्या हक्कांवर लिहिणाऱ्या थॉमस पेनचं पुस्तक वाचलं आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, पेनचं पुस्तक हाताशी होतं म्हणूनच ना! इंटरनेट आर्काइव्हवर, म्हणजे जुनी पुस्तकं फुकट वाचायला ठेवणाऱ्या साइटवर, आधी शोधा, नसेल तर चढवा, आणि साल, आवृत्ती, प्रकाशक नीट भरा, नाहीतर कुणाला सापडायचं नाही.